घरात कुणालाच नव्हतं, मग बाळाला कुठून?

सहा-आठ महिन्यांचं बाळ पांढरंफटक पडू लागतं, तपासणीत थॅलेसेमिया मेजर निघतो आणि घरातला पहिला उद्गार ठरलेला असतो : ‘आमच्याकडे असलं काही नाही.’ पाठोपाठ सुनेच्या माहेराकडे बोट जातं. प्रत्यक्षात हा आजार व्हायला सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडूनही यावं लागतं. एकाच बाजूने आलं तर माणूस नुसता वाहक राहतो, धडधाकट. भारतात शंभरात साधारण तीन-चार जण असे वाहक आहेत. ‘कुणालाच नव्हतं’ म्हणजे बहुतेकदा कुणी तपासलंच नव्हतं!

वाहक बाईचं हिमोग्लोबिन जरा कमी असतं. त्यावर वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या चालतात आणि आकडा काही हलत नाही. एचपीएलसी ही रक्ततपासणी केली की उलगडा होतो : हिमोग्लोबिन ए2 साधारणपणे 3.5 टक्क्यांच्या आत असतं, वाहकात त्याच्या वर जातं.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज मात्र हिशेबाचा. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर धोका 25 टक्के. लोक त्याचा अर्थ ‘चारांतलं एक’ असा लावतात. पहिलं मूल आजारी निघालं की पुढची तीन सुखरूप, असं धरून चालतात. पण दरवेळी फासे नव्याने पडतात. दुसऱ्या गरोदरपणातही धोका तेवढाच, तिसऱ्यातही तेवढाच.

‘सोनोग्राफी नॉर्मल आली की!’ येईलच. सोनोग्राफीत अवयवांची ठेवण दिसते, जनुकातली चूक नाही. शिवाय गर्भाचं हिमोग्लोबिन वेगळ्या घडणीचं असतं. हिमोग्लोबिनच्या ज्या बीटा साखळीत या आजारात बिघाड असतो, तिची त्याला गरजच नसते. म्हणून पोटात आणि जन्मानंतर काही महिने बाळ ठणठणीत असतं.

जनुकातली चूक गर्भातच शोधायची तर वारेचा कणभर तुकडा लागतो. अकराव्या आठवड्यानंतर सोनोग्राफीत बघत सुईने तो काढतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली आईच्या पेशी वेचून बाजूला करायच्या, नाहीतर अहवाल बाळाऐवजी आईचाच यायचा. गर्भपाताचा धोका सरावलेल्या हातात एक टक्क्याहून कमी. आईबापांच्या जनुकांतली नेमकी चूक मात्र आधी माहीत हवी. तपासणी तेवढीच शोधते. ‘सगळं नॉर्मल’ असं प्रमाणपत्र ती देत नाही.

‘गर्भजल परीक्षेवर तर बंदी आहे ना?’ महाराष्ट्राने 1988 मध्ये आणि केंद्राने 1994 मध्ये कायदा केला तो लिंगनिदान रोखण्यासाठी. थॅलेसेमिया, सिकलसेल यांसारख्या आजारांसाठी नोंदणीकृत केंद्रात ही तपासणी कायदेशीर आहे. मुलगा की मुलगी हे सांगणं हा गुन्हा.

आणि तपासणी म्हणजे गर्भपात, हेही खरं नाही. वाहक जोडप्यांतही सरासरी चारांपैकी तिघांना ‘आजार नाही’ असंच उत्तर मिळतं. घोळ होतो तो वेळेचा. पहिल्या तिमाहीत व्हायची रक्ततपासणी पाचव्या महिन्यात होते, मग नवऱ्याचं रक्त, मग जनुकांचा अहवाल. गर्भपाताच्या कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनंतर 24 आठवडे उलटल्यावर गर्भातल्या गंभीर व्यंगाचा निर्णय वैद्यकीय मंडळाकडे जातो.