शोषखड्डा खणण्यापूर्वी जमिनीची परीक्षा

मी इंजिनियर नाही. बँकेत कारकून आहे, शिक्षण कला शाखेचे. तरीही हा विषय निवडला, कारण चूक माझ्याच घरी झाली. काही वर्षांपूर्वी गावी काळ्या मातीच्या जागेत आम्ही संडास व सेप्टिक टँक बांधला. गवंड्याने भर मे महिन्यात शोषखड्डा खणून चार बादल्या पाणी ओतले. ते पाहता पाहता जिरले. "जमीन चांगली पिते," तो म्हणाला. श्रावणात तोच खड्डा काठोकाठ भरला व घाण पाणी अंगणात आले. उन्हाळ्यात पाणी पीत होत्या त्या भेगा. पावसाने माती फुगली आणि भेगा मिटल्या.

सेप्टिक टँकमध्ये मैला तळाशी बसतो व काही अंशी कुजतो. बाहेर पडणाऱ्या पाण्यात मात्र रोगजंतू असतातच. ते पाणी मातीच्या थरांतून झिरपते तेव्हाच त्याचे पुष्कळसे शुद्धीकरण होते. माती फार हळू पाणी पीत असेल तर पाणी वर येते. खडकाच्या फटींतून ते वेगाने गेले तर न गाळता विहिरीत पोचते. दोन्ही प्रकार घातकच.

म्हणून प्रथम एक खोल खड्डा खणून थर पाहावेत. वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली खडक, असा क्रम आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी आढळतो. ओल्या मातीची बोटांत लांब वळी होत असेल तर ती चिकण समजावी. शेजारच्या विहिरीची पाणीपातळी पावसाळ्याच्या अखेरीस पाहावी, कारण तेव्हा ती सर्वांत वर असते. पाणी जमिनीखाली १.८ मीटरच्या आत येत असेल तर तेथे शोषखड्डा करू नये.

यानंतर झिरप चाचणी घ्यावी. तिची रीत भारतीय मानक २४७० मध्ये दिलेली आहे. नियोजित खोलीपर्यंत १० ते ३० सेंटिमीटर रुंदीचा खड्डा घ्यावा. बाजू खरवडून तळाशी ५ सेंटिमीटर जाड वाळू पसरावी. वाळूवर ३० सेंटिमीटर पाणी भरून जमीन रात्रभर भिजू द्यावी. आमच्या गवंड्याने हीच पायरी गाळली होती. दुसऱ्या दिवशी खड्डा कोरडा असेल तर वाळूवर १५ सेंटिमीटर पाणी ठेवून दर अर्ध्या तासाने घट मोजावी व पुन्हा तेवढेच पाणी भरावे. असे चार तास करून शेवटच्या अर्ध्या तासाची घट हिशेबात धरावी. रात्रीचे पाणी शिल्लकच असेल तर ते १५ सेंटिमीटरवर आणून अर्ध्या तासाची घट एकदाच मोजावी.

आता विद्यार्थी मित्रांसाठी गणित. पाणी २.५ सेंटिमीटर उतरायला किती मिनिटे लागतात ते काढायचे. अर्ध्या तासात ५ सेंटिमीटर उतरले तर उत्तर १५ मिनिटे. १ सेंटिमीटरच उतरले तर ७५ मिनिटे. उत्तर ३० मिनिटांपर्यंत असेल तर शोषखड्डा चालतो. ३० ते ६० असेल तर उथळ व लांब झिरपचर घ्यावे. ६० च्या वर असेल तर ती जमीन या कामाला योग्य नाही. तेथे जाणकार इंजिनियरच्या सल्ल्याने गाळणीची वेगळी व्यवस्था करावी. जागा पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर व राहत्या घरापासून ६ मीटर दूर असावी. ही विहीर शेजाऱ्याची असली तरी हाच नियम पाळावा.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जमीन पाणी पीत नसली की टँक वारंवार उपसावा लागतो आणि मग उपसायला माणूस शोधला जातो. तो माणूस कोणत्या वस्तीतून आणला जातो, हे आपणांस सांगायला नको. योग्य साधनांशिवाय माणसाला टँकमध्ये उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. आतल्या विषारी वायूने काही क्षणांत जीव जातो. टँक उपसायचा तो यंत्राच्या गाडीनेच.

आम्हाला दुसऱ्यांदा खर्च करून झिरपचर घ्यावे लागले. चाचणीला लागली असती एक रात्र, एक दिवस आणि काही बादल्या पाणी. बांधवांनो, घर बांधताना एवढा वेळ अवश्य काढा.