चहा सांडलेला नमुना आणि आठ तुकडे

माझी धाकटी बहीण टेक्स्टाइल डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे. मार्चमध्ये शाळू निघाल्यावर ती वैरागला घरी आली आणि रोज सकाळी रानात बसून जमिनीच्या भेगांची चित्रं काढायला लागली. आमच्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि एप्रिल-मेपर्यंत काही भेगांत अख्खा हात जातो. कोळशानं काढलेली चाळीसेक चित्रं झाली. आता या चित्रांवरून भरतकामाचे ‘प्रायोगिक’ नमुने करायचे होते.

आपण सायन्सवाले प्रयोग हा शब्द फार सहज वापरतो. तिच्या वर्गात त्याचा अर्थ बहुधा ‘काहीतरी वेगळं करून बघ’ असा घेतला जातो. या दोन अर्थांमध्ये केवढं अंतर आहे, ते मला तिच्या नमुन्यांवर काम करताना कळलं. रिसर्चला येऊ पाहणाऱ्यांना ते उपयोगी पडेल म्हणून लिहितोय.

तिचा पहिला नमुना सरळसोट होता. ट्रेसिंग पेपरवर चित्र उतरवलं, मांजरपाटावर छापलं आणि काळ्या दोऱ्यानं उलटी टीप घातली. दिसायला तो एसटीच्या रस्त्यांचा नकाशा! कारण कोळशाची रेघ दाबाप्रमाणे जाड-बारीक होते, दोऱ्याची होत नाही. भरतकामाच्या लडीत सहा पदर असतात. मग तिनं कुठे एक, कुठे तीन, कुठे सहा पदर घेतले. नकाशा जरा सुधारला, पण नकाशाच राहिला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. चित्र कापडावर जायच्या काही वाटांवर कापडच नियम घालून देतं. सोलापुरी चादरीची नक्षी जेकार्डवर चढवायची तर चित्राचे आधी आलेखाच्या कागदावर चौकोन करावे लागतात. इरकलीवरच्या कसुतीत तर कापडावर चित्र छापतच नाहीत, धागे मोजून टाके घालतात. मोकळ्या भरतकामात असं बंधन नाही. कापड, दोरा, टाका, ताण, अंतर, सगळं तुम्हीच ठरवायचं. त्यामुळे काय बदललं म्हणून काय झालं, हे पटकन हातातून निसटतं.

पुढचा विचार तिला आजीच्या वाकळेवरून सुचला. वाकळेत धावदोऱ्याची ओळ खाली दबते आणि मधलं कापड वर येतं. भेग म्हणजे काळी रेघ नव्हे, खोली! मग तिनं वर आजोबांचं जुनं धोतर घेतलं, खाली बाजारातून आणलेलं मांजरपाट, आणि पांढऱ्यावर पांढऱ्या दोऱ्यानं भेगांच्या ओळी घातल्या. नमुना ठीकठाक झाला, थोडासा उठाव आला. त्यावर चहा सांडला. आईनं तो उचलून बादलीत टाकला आणि धुऊन वाळत घातला.

संध्याकाळी तो नमुना बघून आम्ही गप्पच झालो. ओळींच्या मधलं धोतर ढेकळासारखं वर आलं होतं, तिरप्या उन्हात भेगांच्या सावल्या पडत होत्या. डाग मात्र गेला नव्हता.

अडचण पुढे आली. तसाच दुसरा करायला गेली तर होईना. नीट करायचा म्हणून तिनं वर्गात शिकवलेला नियम पाळला: शिवण्याआधी कापड धुऊन घ्यायचं. चार नमुने केले, धुतले, चारही सपाट. सबमिशनला तीन आठवडे राहिलेले. ‘‘दादा, तो एकच चांगला झाला आणि तो कसा झाला ते मलाच माहीत नाही,’’ असं ती म्हणाली तेव्हा मला माझीच आठवण झाली. मी एमएस्सी फिजिक्सनंतर पातळ थरांवर पीएचडी करतोय. एकदा एका बॅचच्या काचा कशानं धुतल्या हे वहीत लिहायचं राहिलं आणि त्या एका ओळीपायी दोन महिने गेले. गोष्ट इथेही धुण्याचीच निघाली.

आम्ही तीन संशयित धरले: खालचं कापड आधी धुतलेलं की कोरं, दोरा ओढून की सैल, आणि ओळींमधलं अंतर १० मिलिमीटर की २०. प्रत्येकाचे दोन पर्याय, म्हणजे २ × २ × २ = ८ तुकडे. आठही एकाच मापाचे, एकाच दोऱ्याचे. आणि भेगांऐवजी सरळ ओळी, सगळ्या बाण्याच्या दिशेनं. यावर आमचं भांडण झालं. ‘‘मग माझं चित्र कुठे गेलं?’’ तिचा प्रश्न रास्त होता. चित्र थोडे दिवस बाजूला ठेवायचं, हे तिला पटवायला आठ तुकडे शिवण्यापेक्षा जास्त वेळ लागला. शिवून झाल्यावर आठही एकाच बादलीत धुतले, सावलीत आडवे वाळवले, आणि बाजूनं टॉर्च मारून पट्टीनं उंची मोजली.

आधी धुतलेल्या कापडाचे चारही तुकडे सपाट. दोरा ओढला तिथे टाक्यापाशी बारीक चुण्या, बस. कोऱ्या कापडाचे चारही उठले. त्यातही २० मिलिमीटरवाले १० वाल्यांपेक्षा जवळजवळ दुप्पट. ओढून की सैल, यानं उंचीत फारसा फरक पडला नाही.

कारण आता सरळ दिसतं. मागावर ताणा ओढून धरलेला असतो. कोरं कापड पाण्यात गेलं की तो ताण सुटतो आणि कापड आकसतं, ताण्याच्या दिशेनं जास्त. आम्ही कोऱ्या मांजरपाटावर २०० मिलिमीटरची खूण करून धुतली, ती १९० च्या आसपास आली. वरचं धोतर मात्र वर्षानुवर्षं धुतलेलं, ते आकसायचं तेव्हाच आकसून झालेलं. खालचं आकसलं, वरचं नाही, दोन्ही ओळींवर एकत्र शिवलेले. उरलेलं कापड जाणार कुठे? वर.

किती वर, हे दहावीच्या पायथागोरसनं काढता येतं. ओळींमधलं अंतर २० मिलिमीटर. पाच टक्के आकसून ते १९ झालं. वरचं कापड तंबूसारखं उठलं असं धरा. एका बाजूची तिरकी लांबी १०, पाया ९.५. उंची म्हणजे १०० वजा ९०.२५ चं वर्गमूळ, ३.१ मिलिमीटर. एक मिलिमीटर आकसलं आणि तीन मिलिमीटर उठलं! अंतर १० घेतलं तर हीच उंची १.६ येते. खरं कापड तंबूसारखं टोकदार उठत नाही, गोलसर उठतं, त्यामुळे आकडा थोडा बदलतो. पण दुप्पट अंतराला दुप्पट उंची, हे तसंच राहतं.

आठ तुकड्यांचा फायदा इथे आहे. समजा तिनं धुतलेलंच कापड ठेवून फक्त अंतर बदललं असतं, १०, १५, २०, ३०, तर सगळे सपाट आले असते आणि वहीत ‘अंतराचा परिणाम नाही’ असं ठाम वाक्य गेलं असतं. तेही प्रामाणिकपणे केलेल्या प्रयोगातून. अंतराचा परिणाम होतो, पण कापड कोरं असेल तरच. एका वेळी एकच गोष्ट बदला, असं आपल्याला शाळेपासून शिकवतात. रोनाल्ड फिशरनं १९३५ च्या ‘द डिझाइन ऑफ एक्स्पेरिमेंट्स’ या पुस्तकात नेमका याच सवयीला विरोध केला होता. गंमत म्हणजे त्याचा हा विचार इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड इथल्या शेतीच्या प्रयोगांतून आला, म्हणजे तोही रानातूनच.

‘कापड आधी धुऊन घ्या’ हा नियम चुकीचा नाही. अंगात घालायच्या कपड्याला तो हवाच. तिला हवा असलेला परिणाम मात्र त्या नियमानंच काढून टाकला होता.

मग ती चित्रांकडे परत गेली आणि तीच चित्रं वेगळी वाचायला लागली. भेगा लांब-लांब तिथे ढेकूळ उंच, जवळ-जवळ तिथे बसकं; म्हणजे चित्रातलं अंतरच उंची सांगतं. आणखी एक गोष्ट तिच्या चित्रांत आधीपासून होती, आम्हाला ती उशिरा दिसली. नवी भेग जुनीला बहुतेक काटकोनात येऊन थांबते. त्यामुळे कुठली आधीची, कुठली नंतरची, हे ओळखता येतं. तिनं शिवण्याचा क्रम तसाच लावला: जुन्या भेगा आधी, दोऱ्याचे जास्त पदर घेऊन.

आता प्रत्येक तुकड्याच्या मागे चिठ्ठी टाचलेली असते: कापड कोरं की धुतलेलं, ताण्याच्या दिशेचा बाण, पदर किती, अंतर किती, कधी धुतलं. चहाचा नमुनाही सबमिशनमध्ये गेला, डागासकट. त्याच्या चिठ्ठीत बऱ्याच जागा रिकाम्या आहेत.

अडलंय ते कोपऱ्यांपाशी. सरळ ओळींना पायथागोरस पुरतो. पण ढेकूळ चारी बाजूंनी शिवलेलं असलं की वरचं कापड दोन्ही दिशांनी जास्त होतं आणि कोपऱ्यात चुण्या पडतात. किती आणि कुठे, याचं गणित मला अजून जमलेलं नाही. तिला त्या चुण्या आवडल्यात, आणि पुढचे आठ तुकडे तिनं त्यांच्यासाठीच कापून ठेवलेत.