पडद्यावर उडणारे टोस्टर

पाव भाजायच्या टोस्टरला पंख फुटलेले पाहिलेत कधी? फडफड फडफड करत काळ्याभोर आभाळातून त्यांचा थवा चाललाय, आणि सोबत भाजलेल्या पावाचे कापही तरंगतायत! १९८९ साली अमेरिकेतल्या बर्कली सिस्टिम्स कंपनीने ‘आफ्टर डार्क’ नावाचे स्क्रीनसेव्हर, म्हणजे संगणक नुसता बसला की पडद्यावर हलणारी चित्रं, विकायला आणले. त्यातले हे टोस्टर सगळ्यांत जास्त गाजले. लोकांनी ते चक्क पैसे मोजून घेतले!

पण संगणकाला असला खेळ हवाच कशाला? पूर्वीचा तो पोट सुटलेला टीव्ही पाहिलाय ना? संगणकाचा पडदाही तसाच असे. काचेला आतून फॉस्फरचा लेप. मागून इलेक्ट्रॉनांचा झोत आदळला की लेप उजळतो आणि चित्र दिसतं. मात्र तेच चित्र दिवसेंदिवस एकाच जागी राहिलं, तर तिथला लेप झिजतो. मग पडदा बंद केला तरी काचेवर अक्षरांची पुसट भुतं उरतात! म्हणून १९८३ मध्ये प्रोग्रॅमर जॉन सोचा यांनी पडदा वाचवणारा, म्हणजेच स्क्रीनसेव्हर, असा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तीन मिनिटं कुणी कळ दाबली नाही, की पडदा काळा. टोस्टर वगैरे ही सगळी नंतरची हौस.

मग स्क्रीनसेव्हर विकतचा चांगला की फुकटचा? माझं मत विचाराल तर किमतीपेक्षा तो कुणी बनवलाय ते आधी बघा. प्रोग्रॅमर जेमी झविन्स्की यांनी १९९२ पासून लिनक्ससारख्या प्रणालींवर चालणाऱ्या संगणकांसाठी दोनशेहून जास्त स्क्रीनसेव्हर गोळा केलेत. सगळे फुकट, आणि ते कसे बनवले तेही उघडं. १९९९ मध्ये आलेला ‘सेटी ॲट होम’ हा स्क्रीनसेव्हर तर फारच भारी! तुम्ही जेवायला उठलात, की तुमचा रिकामा संगणक अवकाशातून आलेल्या रेडिओ लहरी तपासायचा. कुठे परग्रहवासीयांची हाक ऐकू येते का? जगभरातल्या लाखो घरांनी २०२० पर्यंत हे काम केलं, एक पैसाही न घेता. हाक काही सापडली नाही.

पण सांभाळून हं! विंडोजमधला स्क्रीनसेव्हर म्हणजे नुसतं चित्र नसतं, तो पूर्ण प्रोग्रॅम असतो. अनोळखी ठिकाणाहून उतरवलेल्या मत्स्यालयाच्या फुकट स्क्रीनसेव्हरमध्ये माशांच्या आडून व्हायरसही घरात शिरू शकतो. एखाद्या चित्रकाराने मन लावून केलेलं मत्स्यालय आवडलं, तर आईबाबांना विचारून जरूर विकत घ्या. त्याच्या मेहनतीचे पैसे त्याला मिळायलाच हवेत.

आजच्या एलसीडी पडद्यांवर तशी भुतं सहसा उरत नाहीत. आणि मासे पोहत असताना वीज जळतच असते. म्हणून बराच वेळ उठणार असाल, तर पडदा सरळ बंद करा.