गरज, हौस आणि हप्ता

मुंबईस ठाणें, कल्याण व पुढील घाटांशीं जोडणाऱ्या लोहमार्गाची कल्पना सरकारी मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क ह्यांस १८४३ सालीं भांडुपच्या भेटींत सुचली, असें रेल्वेच्या इतिहासांत नमूद आहे. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी धांवली, आणि ह्या मार्गानें पुढें माणसांबरोबर वस्तूंचाही ओघ सुरू झाला.

त्यापूर्वीं गांवच्या बलुतेदाराकडून मिळे त्यांत प्रपंच चाले. कोणी काय नेसावें हें बव्हंशीं जात व दर्जा ठरवीत. शहरच्या बाजारांत तें पैसा ठरवूं लागला. १८६९ सालीं क्रॉफर्ड मार्केट उभें राहिलें. विलायती कापड, छत्री, आगपेटी, रॉकेलचा दिवा, चहा हीं एकेक करून मध्यम स्थितींतील घरांत शिरलीं. हा पालट सर्वस्वीं निंद्य मानणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. आगपेटीमुळें विस्तव राखण्याची दगदग गेली, पिठाच्या गिरणीमुळें पहाटेचें जातें सुटलें. गृहिणीस हें सुख लहान नव्हतें.

परंतु त्याच बाजारानें देशी कारागिराचा घांस हिरावला. लोकहितवादींनीं १८४८ पासून 'प्रभाकर' पत्रांतून देशी मालाचा आग्रह धरला. सार्वजनिक काका ऊर्फ गणेश वासुदेव जोशी ह्यांनीं १८७२ सालीं खादीचें व्रत घेतलें आणि १८७७ च्या दिल्ली दरबारासही ते त्याच वेषानें गेले. वस्तु घेतांना ती कोणाच्या हातची, हा प्रश्न त्यांनीं समाजास शिकविला.

स्वातंत्र्यानंतर खुद्द भांडुपांत टायर व रंग ह्यांचे मोठे कारखाने चालले आणि त्यांवर अनेक कुटुंबें पोसलीं. आज ह्या परिसरांत कित्येक कारखान्यांच्या जागीं उत्तुंग इमारती आहेत, आणि बोटाच्या स्पर्शासरशीं वस्तु दारीं येते. आम्हांस भय वाटतें तें वस्तूचें नव्हे, हप्त्याचें. पूर्वीं हौस पैसा सांठेपर्यंत थांबे, आणि थांबण्याच्या त्या काळांत कित्येक हौशी आपोआप विरून जात. आतां वस्तु आधीं येते. तिची नवलाई ओसरते, तरी हप्ता चालूच राहतो, आणि मुलांच्या शिक्षणाची वा आजारपणाची शिल्लक त्यांत जाते.

पतंजलींनीं अपरिग्रहास यमांत स्थान दिलें आहे. गृहस्थास तो पूर्णपणें साधणार नाहीं. तथापि मोठी वस्तु घेण्यापूर्वीं एक महिना थांबावें आणि तिचा विचार घरांतील सर्वांनीं, मुलांसह, एकत्र बसून करावा, एवढें तरी आमच्या वाचकांनीं करून पाहावें.