रुपयाच्या नाण्यावरचा खेळ आणि दारात उभ्या राहिलेल्या बहिणी

व्हिडिओ गेम म्हटले की आजच्या आईवडिलांच्या कपाळावर आठ्या पडतात. वस्तीतले पालक आम्हाला विचारतात, "तुमच्या वेळी नव्हतं न हे असं?" होते, बंधू-भगिनींनो, होते! मोबाईल नव्हता, पण व्हिडिओ गेम होता आणि आमची पिढी त्याच्यापायी तेवढीच वेडी झाली होती. मात्र त्या वेडात कोणाला शिरता येत होते आणि कोणाला नाही, हा हिशोब फारसा कोणी मांडत नाही. आम्ही पडलो कॉमर्सवाले, त्यातून कारकून. आठवणीसुद्धा जमाखर्चाच्या वहीतच लिहितो.

१९९० नंतरची सात-आठ वर्षे हा तो काळ. अमरावतीला बसस्थानकाच्या बाजूला, टॉकीजजवळच्या बोळींत, शाळांच्या मागच्या गल्ल्यांत व्हिडिओ गेमची दुकाने निघाली होती. सुट्टीत मामाकडे अकोल्याला जावे तर तिथेही तेच. दहा बाय बाराची खोली, दाराला मळका पडदा, आत प्लायवूडची तीन-चार उभी खोकी. खोक्यात जुन्या टीव्हीची पिक्चर ट्यूब, समोर लाल मुठीचा दांडा आणि सहा बटणे. रुपयाचे नाणे टाकले की खेळ सुरू. एकजण खेळायचा आणि मागे आठजण उभे राहून सल्ले द्यायचे. "मार बे, मार! काऊन थांबला?"

रुपया किती वेळ टिकायचा? कसलेला गडी असला तर अर्धा तास, नवखा असला तर तीन मिनिटे. आणि हे निव्वळ कौशल्यावर नव्हते बरे! आतल्या सर्किटवर बारीक खटक्यांची एक रांग असते. खेळ किती अवघड ठेवायचा, एका नाण्यात किती 'लाईफ' द्यायच्या, हे मालकाला तिथून ठरवता येते. पुढे एका दुरुस्ती करणाऱ्याने ते उघडून दाखवले तेव्हा आम्हाला या धंद्याचे मर्म कळले. नाणे लवकर संपावे, पण पोरगा नाराज होऊन परत न येण्याइतके लवकर संपू नये, एवढे त्याला जमवायचे असे.

त्या दुकानांचा राजा म्हणजे 'मुस्तफा'. जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९३ साली काढलेल्या या खेळाचे खरे नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. ते नाव कोणाच्या जिभेवर बसणार? त्यातला पिवळ्या टोपीचा गडी मुस्तफा, म्हणून अख्खा खेळच मुस्तफा झाला. अमरावतीतच नव्हे, देशभर पोरांनी हेच बारसे केले. एका वेळी तिघांना खेळता यायचे, त्यामुळे तिघांचे तीन रुपये जमेपर्यंत मुस्तफा खोळंबून राही. त्यातच हॅना नावाची एक बाई होती. चपळ होती, चांगली लढायची. पण तिला निवडायला कोणी तयार नसे. ज्याचा नंबर शेवटी त्याच्या गळ्यात हॅना! १९९१ च्या 'स्ट्रीट फायटर टू'मध्ये चुन-ली होती. तिच्या लाथा खाऊन भलेभले आडवे व्हायचे. म्हणजे खोक्याच्या आत बाया मैदान गाजवत होत्या आणि खोक्याच्या बाहेर, त्या पडद्याच्या आत, एकही मुलगी नव्हती.

एकही नव्हती, हे आम्ही जबाबदारीने लिहितो. मनाई असल्याची पाटी नव्हती. पाटी लागतच नाही अशा ठिकाणी. बिडीचा धूर, शिवीगाळ, अंगाला अंग लावून उभी पोरे. कोणती माय आपल्या पोरीला तिथे जाऊ देईल? हा प्रकार काही आपल्याकडचाच नाही. १९८० साली 'पॅक-मॅन' तयार करणारे जपानी गृहस्थ तोरु इवातानी यांनी सांगून ठेवले आहे की, जपानमधली ही दुकाने पुरुषांचे अड्डे झाली होती. तिथे मुली आणि स्त्रियाही याव्यात म्हणून त्यांनी मारामारीऐवजी खाण्याचा खेळ काढला. अमेरिकेत १९८२ साली 'रिव्हर रेड' हा विमानाचा गाजलेला खेळ कॅरोल शॉ या बाईंनी तयार केला. म्हणजे डोके बाईचे चालत होते, कुठे चालत नव्हते असे नाही. पण दुकानात शिरायचे कोणी, हा प्रश्न टोकियोतही होता आणि अमरावतीतही.

आता रुपयाचे बघू. तो यायचा कुठून? दळण आणायला मुलगा गेला की उरलेले सुटे त्याच्या खिशात राहायचे. मुलगी गेली की ते मायच्या हातावर. "पैसे का झाडाले लागते?" हे वाक्य दोघांनाही ऐकावे लागे, पण मुलगा दोनदा रडला की पदराची गाठ सुटायची. मुलगी मागतच नसे. दिवसभर कापूस वेचून आलेल्या बाईच्या पदरातला तो रुपया होता, तीन मिनिटांत मुस्तफावर खर्च होणारा. त्याची नोंद कोणत्याच वहीत नाही.

पुढे खेळ घरात आला तेव्हा थोडे बदलले. जपानच्या निन्टेन्डोने १९८३ साली काढलेल्या यंत्राच्या स्वस्त नकला आपल्या बाजारात आल्या. टीव्हीला जोडायचे, वरून कॅसेट खोचायची. चालली नाही की काढून फुंकर मारायची आणि पुन्हा खोचायची. या फुंकरीमागे शास्त्र काही नव्हते, ती पुन्हा खोचल्यामुळेच चालायची. विकत घेण्याची ऐपत मोजक्यांची. आम्ही तासाच्या भाड्याने आणायचो, वर्गणी काढून. ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या घरी खेळ. मारिओ, काँट्रा, बंदुकीने बदके मारायचा खेळ.

त्या वर्गणीत बहिणींचे पैसे असायचे, नंबर मात्र शेवटचा. त्यातही लाईटचा भरवसा नाही. १९८५ च्या त्या मारिओत खेळ जिथे थांबला तिथून पुढे चालू करायची सोयच नव्हती. वीज मंडळाने लाईट घालवली की सातव्या दुनियेतला मारिओ थेट पहिल्या दुनियेत! लाईट परत येईपर्यंत भाड्याचा तास संपलेला आणि बहिणीची पाळी गेलेली.

आमची थोरली बहीण कणकेचे हात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची. रिमोट हातात नाही, पण कोणत्या विटेत मशरूम, कोणत्या नळीतून खाली उतरता येते, सारे तिला तोंडपाठ. "तिथं उडी मार, वरतं चांदणी हाय!" ही सूचना दारातूनच यायची आणि बरोबर निघायची. काँट्रात तीस 'लाईफ' मिळवायची युक्ती होती: वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, मग बी, ए. कोनामी कंपनीतल्या काझुहिसा हाशिमोतो यांनी ती १९८६ साली दुसऱ्याच एका खेळासाठी घालून ठेवली होती. आमच्या वस्तीत ती पोचली तोंडातोंडी, आणि विसरू नये म्हणून भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवली ती बहिणीने.

मग आला 'ब्रिक गेम'. हातात मावणारा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा, नाण्याची गरज नसलेला. वर '९९९९ इन वन' असे छापलेले; प्रत्यक्षात खेळ मोजून थोडे, वेग आणि पायरी बदलून आकडा फुगवलेला. त्यातला विटा रचण्याचा मुख्य खेळ म्हणजे 'टेट्रिस'. मॉस्कोत सरकारी संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सी पाझितनोव्ह यांनी १९८४ साली तो तयार केला. हक्क सोव्हिएत सरकारकडे गेले. जगभर विकल्या गेलेल्या त्या खेळाचा मोबदला खुद्द कर्त्याच्या हाती येऊ लागला तो १९९६ पासून. नोकरदार माणसाला या गोष्टीचे वाईट वाटल्याशिवाय राहत नाही.

पण आमच्या घरात या चिनी डबीने उलथापालथ केली. ती दुकानात जावे लागत नाही, टीव्ही अडवत नाही, लाईट गेली तरी चालते. चुलीवर भात ठेवला की बहीण डबी घेऊन बसायची. पंधरा दिवसांत तिचा आकडा असा वर गेला की आम्हा भावांना तो गाठता येईना. मायसुद्धा दुपारची एखादी पाळी खेळून घ्यायची. ही पोरगी आजवर मागे होती ती हुशारीने नव्हे, जागेमुळे, हे त्या एका डबीने घरात सर्वांना दाखवून दिले.

ती दुकाने आता नाहीत. खेळ प्रत्येकाच्या हातात आला आणि नाणे दिसेनासे झाले. नाणे दिसत होते तेव्हा खिसा रिकामा झाला की पोरगा घरी यायचा. आता मोबाईलला बँकेचे खाते जोडलेले असते आणि ते रात्री दोनलाही उघडे असते. पैसे लावून खेळायच्या ॲपवर आमच्या वस्तीतल्या दोन-तीन पोरांनी मायच्या बचत गटाची रक्कम घालवली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून असे पैशाचे खेळ, त्यांच्या जाहिराती आणि त्यांचे बँक व्यवहार यांवर बंदी घातली. साध्या खेळांना आणि ई-स्पोर्ट्सला मुभा ठेवली. चोरीछुपे चालणाऱ्या ॲपवर कोणी फसले असेल तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करावी. अर्ज लिहून द्यायला आम्ही संध्याकाळी असतोच.

मागच्या महिन्यात आमच्या अभ्यासवर्गातल्या मुलामुलींना विचारले, जेवण झाल्यावर घरातला मोबाईल कोणाच्या हातात असतो? मुलांचे हात पटापट वर गेले. आठवीतल्या एका मुलीने हात अर्धाच वर केला. "भांडे झाल्यावर भेटते न मले," ती म्हणाली, "पण तवापर्यंत चार्जिंगच राहत नाही."