विश्लेषण : एकाचे दोन दिसणे आणि स्तनाचा कर्करोग, संबंध काय?

एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसू लागल्या, की चष्म्याचा नंबर वाढला असे अनेकांना वाटते. पण पूर्वी स्तनाचा कर्करोग झालेल्या महिलेला हा त्रास सुरू झाला, तर आणखी एक शक्यता तपासावी लागते. कर्करोग डोळ्याभोवतीच्या स्नायूंत पसरलेला असू शकतो. हे दुर्मीळ आहे. पण वेळीच ओळखले तर दृष्टी वाचवण्याची संधी मिळते.

कर्करोग डोळ्यापर्यंत पोहोचतो कसा?

प्रत्येक डोळा सहा स्नायूंच्या साह्याने फिरतो. दोन्ही डोळे एकत्र वळतात, म्हणून चित्र एकच दिसते. मूळ गाठीतून सुटलेल्या पेशी रक्तावाटे प्रवास करतात. हाडे, फुप्फुसे, यकृत आणि मेंदू ही त्यांची नेहमीची ठिकाणे. क्वचित त्या डोळ्याच्या खोबणीतील हाडात, चरबीत किंवा स्नायूंत रुजतात. शरीराच्या इतर भागांतून खोबणीत पसरणाऱ्या कर्करोगांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वाधिक आहे. त्यातही ‘लोब्युलर’ प्रकार पुढे असतो. पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारे ई-कॅडहेरिन हे प्रथिन त्यात बहुधा नसते, त्यामुळे पेशी सुट्या होऊन पसरतात.

लक्षणे कोणती?

दोन प्रतिमा दिसणे, डोळा फिरवताना अडणे किंवा दुखणे, पापणी खाली येणे, डोळा पुढे आल्यासारखा दिसणे. काही रुग्णांत उलट घडते : गाठीतील तंतुमय ऊती आकसतात आणि डोळा आत ओढला जातो.

घरी एक साधी चाचणी करता येते. आधी एक, मग दुसरा डोळा झाकून पाहा. कोणताही डोळा झाकल्यावर दुसरी प्रतिमा नाहीशी होत असेल, तर दोन्ही डोळ्यांचा मेळ बिघडला आहे. नुसता चष्मा बदलून भागणार नाही, तपासणी हवीच.

निदान कुठे चुकते?

स्नायू सुजण्याचे सर्वात सामान्य कारण थायरॉईडशी संबंधित नेत्रविकार हे आहे. मधुमेह किंवा पक्षाघातामुळेही दोन प्रतिमा दिसतात. त्यामुळे डॉक्टरांचे लक्ष आधी तिकडे जाते. शिवाय मूळ उपचारांना अनेक वर्षे उलटलेली असू शकतात. ‘तो आजार केव्हाच बरा झाला’ असे समजून रुग्ण नेत्रतज्ज्ञांना त्याबद्दल सांगतच नाहीत. एमआरआय किंवा सीटी स्कॅनमध्ये स्नायूची जाडी दिसते. खात्री मात्र बायोप्सीनेच होते. त्याच नमुन्यावर हार्मोन रिसेप्टर आणि हर-२ चाचण्या होतात.

उपचार काय?

डोळ्यापर्यंत पसरलेला आजार सहसा शरीरात इतरत्रही असतो. म्हणून चाचण्यांनुसार हार्मोन थेरपी, केमोथेरपी किंवा टार्गेटेड थेरपी दिली जाते. खोबणीला रेडिएशन दिल्याने वेदना आणि सूज कमी होऊ शकते, दृष्टी टिकवायला मदत होते. आजार मुळातून जाणे बहुधा शक्य नसते. पण तो आटोक्यात ठेवता येतो.

काय लक्षात ठेवाल?

भारतात २०२२ मध्ये स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण असल्याचा जागतिक अंदाज आहे. उपचारांनंतर अनेक जणी पुढे वर्षानुवर्षे जगतात. त्यांनी डोळ्यांची तक्रार घेऊन जाताना जुनी फाइल आणि बायोप्सीचा अहवाल सोबत न्यावा. डॉक्टरांनी विचारले नाही तरी, ‘मला पूर्वी स्तनाचा कर्करोग झाला होता,’ हे आधी सांगावे. दुसरी प्रतिमा अचानक दिसू लागली आणि सोबत हातपाय लुळे पडले किंवा बोलणे अडखळले, तर थेट आपत्कालीन विभाग गाठावा.