कागदाचें फूल टिकावें कसें?

श्रावण सरूं लागला कीं घरोघरीं मखराची चर्चा सुरू होते. २०१८ सालीं महाराष्ट्र सरकारनें सजावटीच्या थर्मोकोलवर बंदी घातली, तेव्हांपासून कागदी मखराला पुन्हां बरे दिवस आले आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. मात्र मखराबरोबर कागदाचीं फुलें आलीं, आणि फुलांबरोबर एक तक्रारही आली. पहिल्या दिवशीं ताठ दिसणारें फूल तिसऱ्या दिवशीं मान टाकतें.

दोन वर्षांपूर्वीं आमच्या घरीं हेंच घडलें. नातीनें आठ दिवस खपून चाळीस जास्वंदी केल्या आणि पुठ्ठा, जर व मणी यांच्या संगतींत त्या मखरावर बसविल्या. भाद्रपदाची दमट हवा. गौरी जेवावयाच्या दिवशीं निम्मीं फुलें लोंबूं लागलीं. सूनबाई सहज म्हणाल्या, "पुढल्या वर्षीं प्लास्टिकचीं विकत आणूं." नात कांहींच बोलली नाहीं. तिचें तें गप्प राहणें आम्हांस लागलें, आणि माळ्यावरच्या एका पत्र्याच्या डब्याची आठवण झाली.

तो डबा आमच्या आत्याआजींचा. या आमच्या आजोबांच्या भगिनी. नवव्या वर्षीं वैधव्य आलें आणि पुढलें सारें आयुष्य भावाच्या घरीं गेलें. १९७१ सालीं त्या वारल्या तेव्हां आम्ही अकरा वर्षांचे होतों. डोक्यावर आलवणाचा पदर घेतलेली ती कृश मूर्ति ओटीच्या कोपऱ्यांत कात्री घेऊन बसलेली आम्हांस आजही दिसते. मखराचीं सगळीं फुलें त्यांच्या हातचीं असत. पूजेच्या वेळीं मात्र त्या माजघराच्या दाराशीं उभ्या राहात. ताज्या फुलाचें निर्माल्य होतें. कागदाच्या फुलाचें होत नाहीं, आणि म्हणूनच तें देवाला वाहतां येत नाहीं. त्याची जागा देवाच्या भोंवतीं. करणारीची जागाही तशीच दूर होती, हें त्या वयांत आमच्या ध्यानांत आलें नाहीं.

डब्यांत बारा जास्वंदी निघाल्या. रंग विटलेला, पण एकीचीही पाकळी पडलेली नव्हती. त्यांचें मर्म कळावें म्हणून एक फूल उकलून पाहावें, असें आम्हीं सुचविलें. आमच्या सौ.नीं हरकत घेतली. "त्यांच्या हातचीं बाराच तर उरलीं आहेत," त्या म्हणाल्या. त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. शेवटीं नातीकडे पाहून त्यांनींच एक फूल निवडून दिलें. कोमट पाण्यांत ठेवतांच तांबडा रंग उतरला, मग खळ सुटली, आणि एकेक पदर वेगळा झाला. त्या एका फुलानें जें शिकविलें, तें येथें क्रमानें देत आहों.

पहिली गोष्ट कागदाची. प्रत्येक पाकळी तीन पदरी होती. वरखालीं पताकेचा पातळ तांबडा कागद, आणि मध्यें जुन्या रोजकीर्दीचा हातकागद. त्यावरचीं मोडी अक्षरें अजून वाचतां येत होतीं. चिंध्यांच्या लगद्यापासून केलेल्या हातकागदाचे तंतु लांब असतात, म्हणून तो चिवट असतो. वर्तमानपत्राचा कागद लांकडाच्या लगद्याचा. तो थोड्याच काळांत पिवळा पडून ठिसूळ होतो, म्हणून तो आंत घालूं नये. जुनी वही नसली तरी अडत नाहीं. हातकागद आजही मिळतो. पुण्यास शिवाजीनगर येथें १९४० सालीं हातकागद संस्था निघाली, ती याच कामासाठीं.

दुसरी गोष्ट कागदाच्या धारेची. यंत्रावरच्या कागदांतील बहुतेक तंतु एकाच दिशेनें निजलेले असतात. त्या दिशेनें कागद ताठ राहतो, आडव्या दिशेनें लवतो. ती ओळखण्यास एकाच पानांतून सारख्या मापाच्या दोन पट्ट्या कापाव्या, एक उभी व एक आडवी. दोन्ही एका टोंकाशीं धरून पाहाव्या. जी कमी लवेल, तिच्या लांबीच्या दिशेनें धार आहे असें समजावें. पाकळीची लांबी नेहमीं धारेच्या दिशेनें घ्यावी. आमच्या नातीनें कागद वांचावा म्हणून पाकळ्या वाटेल तशा आडव्यातिडव्या कातरल्या होत्या. निम्मीं फुलें लवलीं आणि निम्मीं उभीं राहिलीं, त्याचें कारण हें. क्रेपचा कागद असेल तर सुरकुत्या पाकळीच्या लांबीला समांतर ठेवाव्या. म्हणजे मधला भाग रुंदीकडे किंचित् ताणून पाकळीला वाटीसारखी खोली देतां येते.

तिसरी गोष्ट खळीची. गव्हाच्या पिठाची खळ सारखी ढवळीत पातळ शिजवावी, निववावी, आणि बोटानें न लावतां कुंचल्यानें पसरावी. जाड थरानें कागद सुरकुततो. पदर चिकटवून ते ओलसर असतांनाच पाकळीला बांक द्यावा आणि सावलींत वाळूं द्यावें. वाळतांना घेतलेला बांक ती सहसा सोडीत नाहीं. कसर लागूं नये म्हणून आत्याआजी खळींत मोरचूद घालीत. तें विषारी आहे. घालावयाचेंच तर चिमूटभर घालावें, स्वयंपाकाचें भांडें न वापरतां जुनी काचेची बरणी घ्यावी, ती मुलांच्या हातीं लागूं देऊं नये आणि हात साबणानें धुवावे.

चौथी गोष्ट देंठाची. आम्हीं तार असेल असें धरून चाललों होतों. निघाला खराट्याचा हीर. उघडी लोखंडी तार दमट हवेंत गंजते आणि कागदावर डाग धरतो. हिराला गंज ठाऊक नाहीं. हिराच्या टोंकाशीं चाकूनें बारीक खांच पाडून पाकळ्या एकीवर एक अर्धी येईल अशा पांच बाजूंनीं लावलेल्या होत्या, आणि प्रत्येक पाकळीनंतर सुती दोऱ्याचे तीन वेढे होते. पाकळ्या पेलण्याचें काम दोऱ्यानें करावयाचें. खळीनें फक्त दोरा जागच्या जागीं धरावयाचा. तार वापरणारांनीं तिचें टोंक आंकड्यासारखें वळवावें, म्हणजे फूल निसटत नाहीं.

मखराच्या पुठ्ठ्यावर किंवा तसबिरींत फूल बसवितांना पाकळ्या चिकटवूं नयेत. पुठ्ठ्याला दोन छिद्रें पाडून देंठ मागून दोऱ्यानें टांचावा. मणी व जर फूल बसल्यावर लावावीं. त्यांचें वजन पाकळीवर येऊं देऊं नये. समई व निरांजन यांपासून अंतर राखावें. उत्सव संपतांच फुलें पुसून, कोरड्या डब्यांत, उन्हापासून दूर ठेवावीं. उन्हानें रंग विटतो.

गेल्या भाद्रपदांत नातीनें या रीतीनें पुन्हां चाळीस जास्वंदी केल्या. विसर्जनापर्यंत तीनच सैल झाल्या. प्लास्टिकची गोष्ट मग कोणीं काढली नाहीं.

वयाच्या उत्तरार्धांत हें कसें जमावें, असें ज्यांना वाटेल त्यांनीं इंग्लंडच्या मेरी डिलेनी यांचें उदाहरण ध्यानांत घ्यावें. १७७२ सालीं, वयाच्या ७२ व्या वर्षीं, रंगीत कागदाचे बारीक तुकडे कातरून काळ्या कागदावर फुलें साकारण्यास त्यांनीं आरंभ केला, आणि दृष्टि मंदावेपर्यंत हजाराच्या जवळपास चित्रें केलीं. तीं लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें जपून ठेवलेलीं आहेत. त्याही विधवाच होत्या. पण त्यांच्या फुलांना त्यांचें नांव आहे.

ही हकीकत सांगत असतांना नातीनें डब्यावर चिकटविण्यास चिठ्ठी कातरली आणि विचारलें, "आजोबा, आत्याआजींचें नांव काय होतें?" आम्हांस तें सांगतां येईना. घरांत सर्वजण त्यांना नात्यानेंच हाक मारीत. वंशावळ काढून पाहिली; तींत मुलींचीं नांवें लिहिलेलीं नाहींत. ज्यांना विचारावें असें वडीलधारें माणूस आतां कोणी उरलेलें नाहीं. चिठ्ठीवर शेवटीं "आत्याआजींचीं फुलें" एवढेंच लिहिलें आहे.

वाचकभगिनींनीं घरांतल्या वृद्ध स्त्रियांपाशीं बसून त्यांच्या हातची कला अवश्य शिकून घ्यावी. त्याच वेळीं त्यांचें नांवही विचारून लिहून ठेवावें.